वाघमारे काकांची सतरा झाडं आणि आमच्या चौदा सह्या

आज वाघमारे काकांच्या फोटोला पहिला हार आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांनी घातला.

काकांची झाडं तोडा म्हणून दिलेल्या अर्जावर पहिली सहीसुद्धा त्यांचीच होती.

दुसरी माझी.

हे आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ द्या. मला माझीच किळस यायलीय.

काका एसटीत कंडक्टर होते, लातूर-नांदेड गाडीवर. लोह्याजवळच्या एका रोपवाटिकेतून कडुनिंबाची, करंजाची रोपं घ्यायचे आणि शेवटच्या सीटखाली ठेवून लातूरला आणायचे. रिटायर झाल्यावर आमच्या कॉलनीत घर बांधलं. तेव्हा इथं सावली म्हणजे विजेच्या खांबाची, तेवढीच.

महापालिकेत त्यांनी इतके अर्ज दिले की तिथला क्लार्क वैतागून म्हणाला, "काका, झाडं लावायला अर्ज कशाला? गुपचूप लावून टाका की."

"गुपचूप लावलेलं गुपचूप तोडतेत. मला कागद पाहिजे."

कागद मिळाला. रस्त्याच्या दोन्ही अंगाला सतरा झाडं लागली.

लातूरला पाण्याची रेल्वे आली त्या उन्हाळ्यात काका-काकू आंघोळीचं आणि भांडी विसळलेलं पाणी बादलीनं झाडांना घालायचे. मीच एकदा गेटमधून बोललो, "काका, इथं माणसाला प्यायला नाही आणि तुम्ही..."

"हे माझ्या आंघोळीचं हाय, सर. पिता का?"

सतराची सतरा जगली.

मग आमच्याकडं गाड्या आल्या. माझीही आली, पांढरी. तिच्यावर पक्षी घाण करायचे. पानं पडायची. रस्ता सिमेंटचा होणार, दोन्हीकडं पेव्हर ब्लॉक बसणार, पार्किंग होणार, असं ठरलं.

अध्यक्ष घरी अर्ज घेऊन आले. 'झाडांमुळे रहदारीस अडथळा होत असून सापांचा वावर वाढला आहे.'

मी या कॉलनीत आजवर एक साप बघितला नाही.

चहा पीत सही केली.

चौदा घरांनी केली. काकांच्या दारात अर्ज घेऊन कोणी गेलं नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी काका-काकू नांदेडला गेले. लगेच ग्रुपवर मेसेज आला: 'वाघमारे गावाला गेलेत. उद्याच उरकून घ्या.'

खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात माझाही अंगठा.

दोन दिवस मशीन चालू होतं. परवानगी आली का, हे कोणी विचारलं नाही.

काका परत आले तेव्हा मी गेटवर होतो. ऑटो थांबला. काका आतूनच म्हणाले, "अरे बाबा, चुकला तू. ही आपली गल्ली न्हाई."

"हीच हाय की काका. ती बघा तुमच्या नावाची पाटी," ड्रायव्हर म्हणाला.

काकू उतरल्या. पिशव्या खाली घेतल्या.

काका ऑटोतच बसून राहिले. ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली.

मी आत गेलो. दार लावून घेतलं.

काही दिवसांनी त्यांनी महापालिकेतून त्या अर्जाची झेरॉक्स काढून आणली आणि माझ्या दारात आले.

"सर, ही सही तुमची हाय का?"

"काका, सगळ्यांनीच केली म्हणून मी आपलं..."

"मी इचारलं, तुमची हाय का."

"हाव."

त्यांनी कागदाची घडी घातली. "बरं. मला वाटलं, कुणी तुमची खोटी मारली असंल."

एवढं बोलून पायऱ्या उतरले.

असे ते चौदाही दारांत गेले. एकेका घराला खोटी सही म्हणायची संधी देत.

त्यानंतरही माणूस गप्प बसला नाही. ब्लॉक उचलून झाडांपुरती माती मोकळी करा, असा नवा अर्ज दिला. परत त्याच क्लार्कपुढं. परत चकरा.

या मे महिन्यात भर दुपारी महापालिकेतून चालत आले. कॉलनीत शिरले, पण टेकायला कुठं सावली नव्हती. घर चार दारांवर असताना माझ्या गाडीला पाठ लावून ब्लॉकवर बसले आणि तिथंच आडवे झाले.

मी आणि शेजाऱ्यानं उचललं. अंग तव्यासारखं तापलेलं.

डॉक्टर हार्ट म्हणाले. म्हणू देत.

आज काकांच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. ऊन लागू नये म्हणून मांडव घातलेला.

अध्यक्षांनी भाषण केलं. "वाघमारे साहेब म्हणजे आमच्या कॉलनीचा ऑक्सिजन!" ज्यांनी सह्या केल्या होत्या ते मान डोलवत होते. मग स्मृतिवृक्ष म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतलं एक रोप आणलं.

लावायचं कुठं? सगळीकडं ब्लॉक.

रोप ब्लॉकवरच ठेवलं. चौघांनी त्याला हात लावले, कॅमेऱ्याकडं बघितलं. एकानं झारीनं ब्लॉकवर पाणी ओतलं.

काकू खुर्चीवर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "झाला का फोटो? मग न्या ते उचलून. हितं ठिवलं तर मरंल."

अध्यक्ष हसले. आणि खरंच, रोप उचलून गाडीच्या डिकीत ठेवलं.

तासाभरात फोटो स्टेटसला होता. ब्लॉक दिसू नयेत म्हणून खालून कापलेला.

हे सगळं मी बघत होतो. पंगतीत बसलो, जेवलो.

काका, रोज सकाळी माझ्या दारावरून जाताना तुम्ही हात जोडून "जयभीम सर" म्हणायचात. इतक्या वर्षांत मी नुसती मान हलवली. सह्या बघितल्यानंतरही तुम्ही ते थांबवलं नाहीत.

आम्ही तुमच्या लायकीचे शेजारी नव्हतो.

जयभीम, काका.