चंद्रप्पाची चिमूट

वजनाचा चौथा काटा बघून झाला तरी चंद्रप्पाला पसंत पडेना.

पहिल्याची ताटली लहान. दुसऱ्याचे आकडे निळे, डोळ्यांत घुसतात. तिसरा एका ग्रॅमच्या खालचं काही सांगतच नव्हता. चहाची पत्ती जराशी कमी पडली तरी तीन, जराशी जास्त पडली तरी तीनच. ही एवढी एक खोड खरी होती. चौथा सोनारांच्या कामाचा, काचेच्या डबीत बसवलेला, ग्रॅमचा शंभरावा हिस्सा दाखवणारा. त्याच्यापुढं चंद्रप्पानं दोनदा श्वास सोडला आणि आकडे हलले.

"ह्यो तर माणूस जित्ता हाय का मेला ते बी सांगतोय. दुकानात पंखा बंद ठिवून चहा इकू का मी? मे महिना हाय बाबा लातूरचा!"

"मामा, पंख्याचं वारं लागलं तर डबीचं झाकण लावायचं," सून अंजू म्हणाली.

"झाकणाचं कुणाच्या ध्यानात राहतंय?" असं म्हणेपर्यंत सासरा पायऱ्या उतरून रस्त्यावर.

चंद्रप्पा मूळचा उदगीरकडचा. चाळीस वर्षं झाली, लातूरच्या गोलाईजवळ त्याचं सुट्या चहापत्तीचं दुकान आहे. मुलगा संगमेश औशाला मास्तर, म्हणून दुकानात सासरा आणि सून. घरोघरची गिऱ्हाइकं थोडी, हॉटेलवाले जास्त. चंद्रप्पानं चार पत्त्या एकत्र करून बसवलेली मिसळ नेली की चहाला दुसरं काही करावं लागत नाही, असं ते म्हणायचे.

मिसळ जमायची ती नमुन्यांवर. दलालाकडून आसामच्या पत्तीच्या पुड्या यायच्या. चंद्रप्पा पांढरे कप ओळीनं मांडायचा, प्रत्येकात एकेका पुडीतली चिमूट टाकायचा, वरून उकळतं पाणी, आणि बशी झाकून पाच मिनिटं थांबायचा. मग चमच्यानं सुर्रकन घोट ओढून, गालांत खेळवून, मोरीत थुंकायचा. "ही घ्यायची. ही नको. ही दिसायला बरी हाय, पण लबाड हाय." सगळ्या कपांत चिमूट सारखी पडली तरच जिभेचा निवाडा खरा. अंगठा आणि दोन बोटं एवढंच त्याचं वजनमाप होतं आणि ते तपासायची पाळी कधी आली नव्हती.

या फेब्रुवारीत त्यानं असाच एक नमुना पास केला, वीस गोण्या उतरवून घेतल्या आणि मिसळीत घातल्या. महिन्याभरात हॉटेलवाले कुरकुरायला लागले. या बुधवारी उमादेवी स्वतः आली. मोंढ्याच्या फाटकाशी तिचं चहाचं हॉटेल, हमालांचा पहिला कप तिच्याकडं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"अण्णा, पत्ती बदललाव का?"

"न्हाई तर."

"मग हमाल काय येडे हायत? काल एकजण म्हनला, उमाक्का, चहा पाजलाव का चहाचा फोटो दावलाव? उकळ उकळ उकळला तरी चढंना गेलाय."

चंद्रप्पा हसला. ती हसली नाही.

"सोमवारपासून मी पाकिटाची पत्ती लावनार. आधी सांगून जावं म्हनून आले." मग जवळ येऊन, आवाज उतरवून म्हणाली, "आमच्या मायची साखर वाढली तवा तिची जीभ अशीच गेली बघा. भाजीत मीठ हाय का न्हाई, कळायचंच न्हाई."

चंद्रप्पाला साखर होऊन अकरा वर्षं झाली होती.

त्या घडीपासून त्याचं बूड टेकेना. दुकानातून घरात जायचा, मिठाचा खडा जिभेवर ठेवायचा, परत यायचा. चिंच चाखायचा. लिंबाची फोड चोखायचा. हॉटेलवाल्यांना दिलेली पत्ती परत मागवून घोट ओढून बघायचा आणि कोणी विचारलं की उगीच गोण्या इकडच्या तिकडं सरकवायचा. जिभेला सगळं लागत होतं. पण पहिल्यासारखं लागत होतं का, हे सांगणार कोण?

अंजूच्या ध्यानात आलं ते निराळंच. सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन चंद्रप्पा पूजेला बसतो, उजव्या हाताच्या तीन बोटांनी कपाळावर भस्म ओढतो. इतक्या वर्षांचा हात, आखल्यासारख्या तीन रेघा यायच्या. हल्ली मधली रेघ खालच्या रेघेत घुसत होती.

"मामा, बोटं बधिर झालीत का?"

"हातावर झोपलो आसन."

"रोज?"

तो उठून गेला. पण अंजू डी. फार्म झालेली, गोळ्यांची भुकटी तोलून तोलून दोन वर्षं काढलेली. ती मागोमाग गेली. "आपण काटा घेऊ. प्रत्येक कपात बरोबर तीन ग्रॅम पडू द्या. गोम बोटात हाय का जिभेत, एका दिवसात कळंल."

ह्या 'कळंल'चीच त्याला धास्ती होती. बोटात असली तर काटा हा इलाज होता. जिभेत असली तर काट्यानं काय होणार? मग दुकानाला कुलूप लावायचं. काटा घरात येत नाही तोवर काहीच ठरत नव्हतं. म्हणून गुरुवार, शुक्रवार तो काट्यांत खोडी काढत फिरला आणि चौथ्या दुकानातून उतरताना म्हणाला, "नांदेडला बघू. तिथं लई चांगले मिळत्यात."

अंजूनं ओळखलं. तरीही शनिवारी सकाळी ती त्याला एसटीत घेऊन बसली.

गाडीत त्यानं तीनदा जागा बदलली. अहमदपूरच्या स्टँडवर उतरून टपरीवरचा चहा घेतला, चारचौघांत सुर्रकन ओढला आणि भिंतीकडं तोंड करून थुंकला. टपरीवाला बघतच राहिला.

"कसा हाय?" अंजूनं विचारलं.

"गरम हाय."

नांदेडला वजिराबादेतल्या एका बोळात व्यंकटीचं काटेदुरुस्तीचं दुकान. त्यानं आधी काटा दाखवलाच नाही.

"काय तोलून राहिले तुम्ही, ते सांगा काका. सोनं, का केशर?"

"चहापत्ती."

"किती?"

"चिमूटभर."

व्यंकटी हसला. "क्विंटलवाले आले, तोळावाले आले. चिमूटवाले पहिलेच तुम्ही." त्यानं तळहाताएवढ्या ताटलीचा एक काटा काढला. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. "याच्यापेक्षा बारीक घेऊ नका, नाचून राहील. अन् याच्यावर तोलून विकू नका, शिक्का न्हाई याला, तोलमापवाले धरतील. नमुन्यापुरता वापरा."

चंद्रप्पानं वाकून बघितलं. "हलतोय की."

"काटा न्हाई, काका. टेबल हलतंय. तुमचा गुडघा हाय त्याला."

चंद्रप्पानं पाय मागं घेतला. आकडा शून्यावर गप उभा राहिला.

"हं. टाका तुमची चिमूट."

अंजूनं पर्समधून पुडी काढून समोर धरली. मागं सरकायला जागा नव्हती. चंद्रप्पानं चिमूट टाकली. तीन पॉइंट एक. अंजूनं ताटली झटकली. दुसरी चिमूट. चार पॉइंट सहा. तिसरी टाकताना त्यानं डोळे बारीक केले, बोटं घट्ट धरली. दोन पॉइंट दोन.

व्यंकटीला वाटलं, काटाच बिघडला. "थांबा हो, ह्याला काय झालं," म्हणत त्यानं गल्ल्यातून पितळेचं पाच ग्रॅमचं वजन काढून ताटलीवर ठेवलं. पाच पॉइंट शून्य. उचललं, परत ठेवलं. पाच पॉइंट शून्य.

चंद्रप्पा स्वतःच्या हाताकडं बघत होता.

"बांधा," तो म्हणाला.

रविवारी दुपारी दुकानाचं अर्धं शटर खाली. पंखा बंद, दोघं घामानं निथळलेले. अंजूनं त्याला बाहेर पाठवलं आणि पाच कपांत तीन-तीन ग्रॅम पत्ती तोलून टाकली. कपांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या. एकच पत्ती तिनं मुद्दाम दोन कपांत घातली होती. पाणी ओतलं, बशा झाकल्या आणि हाक मारली.

चंद्रप्पानं चूळ भरली. एकदा भरली, दोनदा भरली.

"मामा, चहा निवतोय."

त्यानं पहिला घोट ओढला. दुसरा. तिसऱ्याशी थांबला, पुढं गेला, परत पहिल्याकडं आला. चौथा. पाचवा. मोरीपाशी एवढ्या फेऱ्या झाल्या की अंजूला मोजताही येईनात.

"पैला अन् चौथा एकच हाय," तो म्हणाला. "मला फशिवलीस का गं?"

अंजूनं मान डोलावली आणि पाचव्या कपाकडं बोट केलं.

"पाचवा गेल्या सालचा, आपल्या जुन्या गोणीतला. तिसरा बरा हाय, जरा करपटलाय. अन् ह्यो दुसरा..." त्यानं तो कप परत तोंडाला लावला आणि थू करून थुंकला. "ह्यो कुनी घेतलाय? नुसता रंग. आत जीवच न्हाई."

अंजूनं कप उपडा केला. चिठ्ठीवर 'फेब्रुवारी' लिहिलेलं होतं.

चंद्रप्पा हसायला लागला, आणि हसता हसता त्याचं तोंड पडलं. जीभ खरी निघाली, म्हणजे वीस गोण्या खोट्या निघाल्या. त्या नमुन्याच्या कपात तेव्हा मूठभर पडली असेल, त्याला ती चिमूट वाटली. आणि चहा कडक लागला म्हणून त्यानं शाबासकी दिली कुणाला, तर हलक्या पत्तीला. तीन महिने अर्ध्या लातूरला पाजली.

"जीभ शाबूत हाय की मामा!"

"जीभ हाय. म्हंजी उमाक्काच खरी हाय." तो शटरपर्यंत गेला, परत आला. खिशातून फोन काढला, बटणं चुकली, अंजूनं लावून दिला.

"उमाक्का, पत्ती खराबच हाय. तुझी गिऱ्हाइकं बरोबर बोलत्यात."

"आता वं अण्णा?"

"चूक माझी झाली. बोटं बधिर झालीत माझी. चिमूट कमी पडते का जास्त पडते, कळंना गेलंय." हे त्यानं पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. पलीकडून कपबश्यांचा आवाज तेवढा.

"अन् जीभ?" उमादेवीनं विचारलं.

"जीभ हाय."

"मग उद्या काय पाठिवता?"

"उद्या काईच न्हाई. नवे नमुने बघायचेत, मग मिसळ बसवायची. बुधवारपर्यंत तू पाकीट लाव."

"तुमीच सांगताव, पाकीट लाव म्हनून?"

"मीच सांगतोय. बुधवारी यीन मी घिऊन. तुझ्या त्या फोटोवाल्या हमालाला थांबवून ठिव, पैला कप त्यालाच."

फोन ठेवला तरी तो बसला नाही. फेब्रुवारीच्या गोण्यांपुढं जाऊन उभा राहिला, एकीला पायानं ढकललं आणि वळला.

"अंजू, दलालाच्या पुड्या काढ. पैली फोड."

पुडी सुटली तशी त्याची बोटं सवयीनं आत गेली. अंजूनं पुडी हळूच आपल्याकडं ओढली आणि चमच्यानं दाणे ताटलीवर सोडायला लागली. दोन पॉइंट पाच. दोन पॉइंट आठ. चंद्रप्पा गॅसपाशी गेला, पातेल्यातलं पाणी उकळलं का बघितलं, परत काट्याशी आला.

"झालं का?"

"थांबा हो मामा. दोन दाणे राहिलेत."