गोड सोडलंय

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. एरवी तिला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात काही म्हणून राहत नाही.

माझी लेक प्राजू अकरा वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला. तेव्हापासून रोज इन्सुलिनची इंजेक्शनं. आम्ही काटेवाडीचे, दारापर्यंत ऊस. चहात साखर कमी पडली तरी पाहुणा रुसतो. पोरीला शुगर आहे हे अशा गावाला सांगायचं कसं? उद्या स्थळं बघताना आधी हेच निघेल — म्हणून विचारणाऱ्याला मी सांगायचे, "देवीचा नवस हाय. गोड सोडलंय तिनं." नवस म्हटलं की आमच्याकडे पुढचं कुणी विचारत नाही. उलट बायका पोरीचं कौतुक करायच्या. प्राजूलाही मी तेच बोलायला शिकवलं.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. प्राजू तेरा वर्षांची होती, वजन करायला बाहेर गेली होती. म्हणाल्या, हिला रोज पळू द्या. आधी शुगर तपासा, पळताना उतरली तर खायला खिशात गूळ असू द्या. पळून आली की दहा मिनिटं डोळे मिटून नुसता श्वास बघत बसायचं, मन शांत राहतं. या मुलांचं हृदय आतापासूनच जपावं लागतं. आणि मी? बाहेर येऊन लेकीला म्हणाले, "पळायचं न्हाय म्हणाल्या. हृदयावर ताण येतो." शाळेत खेळाच्या सरांनाही तेच सांगितलं. का? मैदानावर चक्कर येऊन पडली तर नवसाचं पितळ उघडं पडेल म्हणून. पोरीच्या हृदयापेक्षा मला लोकांची तोंडं मोठी वाटली.

वर्गात सगळ्यांत वेगानं पळणारी माझी पोर. वर्षभर ती मैदानाच्या कडेला बसून इतरांच्या चपला राखत होती.

मग एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मला न सांगता ती मैत्रिणीबरोबर, सोनालीबरोबर, कालव्याच्या कडेनं पळायला गेली. शुगर उतरली. दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. सोनालीच्या दप्तरात गुळाची चिक्की होती. तिनं दिली नाही. मला बोलवायला धावत घरी आली आणि धापा टाकत म्हणाली, "काकू, चिक्की हाय माझ्याकडं, पन तिचा नवस हाय न्हवं? मोडू कसा?"

साखरेचा डबा घेऊन मी कशी पळाले, आठवत नाही. पोरीला अजून गिळता येत होतं — साखरपाणी पोटात गेलं, हळूहळू ती सावरली. आणि डोळे पुसत मलाच म्हणाली, "आई, माझं चुकलं. डॉक्टर नको म्हणाल्या हुत्या, तरी मी पळाले."

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. मी काय केलं? तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे. माफ केलं."

मी — तिला — माफ केलं! दोन वर्षं झाली या गोष्टीला.

पुढच्या आठवड्यात मी सांगितलं, डॉक्टर आता पळ म्हणतायत. म्हणजे आणखी एक थाप. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही कालव्यावर जातो. ती पळते, मी मागून भरभर चालते. मग दोघी कठड्यावर बसून श्वास बघतो. तिचा शांत होतो. माझ्या श्वासाबरोबर रोज तेच 'माफ केलं' वर येतं.

काल शेजारणीनं प्राजूपुढे पेढा धरला आणि लगेच जीभ चावली, "अगं बया, नवस हाय न्हवं हिचा!" मी म्हणाले, "नवस-बिवस काय न्हाय. पोरीला शुगर हाय." चारचौघींत, मोठ्यानं. अर्धं काम झालं.

उरलेलं उद्या सकाळी, कठड्यावर श्वास बघायला डोळे मिटायच्या आधी. डॉक्टर कधीच नको म्हणाल्या नव्हत्या, मी म्हणाले होते, हे तिच्या तोंडाकडे बघून सांगणार आहे. ऐकून ती उठली आणि मला तिथंच सोडून एकटी पळत निघाली, तर निघू दे. गूळ आता तिच्याच खिशात असतो.