'येतो'चं इंग्रजी
परवा एका जुन्या टेबलाला बिअरचा आंबूस वास आला आणि नव्वदच्या दशकातला, अमेरिकेत पार्सिपनीजवळच्या खेड्यातला पब आठवला. गिऱ्हाईक आटल्यानं म्हातारा मालक तो विकायला निघाला होता. एका शनिवारी दुपारी निघताना आमच्या नागपूरकर मित्रानं, 'जातो' म्हणू नये म्हणून, 'येतो'चं सरळ इंग्रजी केलं, "वी कम." "कधी?" मालकानं विचारलं. "नेक्स्ट सॅटर्डे," मित्र गांगरून म्हणाला. "आता ये लेका शनिवारी," आम्ही त्याला बाहेर सुनावलं. शनिवारी सगळेच गेलो, तर म्हातारा टायवाल्या खरेदीदाराला सांगत होता, "आज जमणार नाही, माझी माणसं यायची आहेत." मग आम्ही दर शनिवारी जात राहिलो आणि पब आणखी काही वर्षं उघडा राहिला. परदेशात संस्कृती टिकवण्यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली. संस्कृतीनं काही टिकवलेलं मात्र एवढंच पाहिलं.