शिंगवाल्याला वरचे दात नसतात

मी पोटापाण्यासाठी नसलेली जनावरं काढते. मोबाइलवरच्या खेळात झाडाआडून जे काही अंगावर येतं, ते आधी कुणीतरी कागदावर उभं केलेलं असतं. ते कुणीतरी म्हणजे मुकुंदवाडीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसलेली मी. शेजारी विचारतात तेव्हा आई 'कंप्युटरवर काहीतरी करती' एवढंच सांगते, कारण खरं सांगायला गेलं की कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात.

एका कंपनीनं मला एक जनावर सांगितलं होतं. ज्वालामुखीच्या डोंगरात राहणारं, हत्तीएवढं, शिंगं असलेलं, सुळे असलेलं आणि जांभळं. मी ते तीनदा काढून पाठवलं आणि तिन्ही वेळा परत आलं. तिथल्या बाईंचा शेरा दर वेळी एकच, छान आहे पण खरं वाटत नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी खाली गोड भाषेत लिहिलं होतं की सोमवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाला देऊ. याच्या मागं आणखी बारा जनावरं रांगेत होती, तीही गेली असती. जे जन्मालाच आलेलं नाही ते खोटं वाटतं म्हणून मला कामावरून काढणार, याचा मला मनस्वी राग आला.

राग आला की मी पाय आपटत जिना उतरते. खाली पुढच्या खोलीत वडील पेपर वाचत बसले होते. ते फुलंब्री तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे डॉक्टर यायच्या आधी आणि डॉक्टर गेल्यावर जनावरापाशी जो असतो तो. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं आणि ते मात्र आम्हाला नळाच्या वायसरपासून भातातल्या पाण्यापर्यंत सगळं सांगत होते. मी चित्राचा कागद टीपॉयवर आपटला. त्यांनी तो उचलून लांब धरला.

"काय झालंय याला?"

"काही झालेलं नाही. असंच आहे ते."

"आसंच कसं आसंल? खाली बसलं तर याला उठता नाय यायचं."

ते उठले आणि कपाटातून शाळेची एक कोरी वही काढून तिच्यावर पट्टीनं रकाने आखू लागले. मालक, जात, नर-मादी, वय, रंग, खुणा, तक्रार. दवाखान्यातला केसपेपर त्यांना तोंडपाठ होता.

"मालक?"

"कंपनी."

"जात?"

"काल्पनिक."

त्यांनी लिहिलं, गावठी.

"नर का मादी?"

याचा मी विचारच केला नव्हता. त्यांनी चष्मा वर करून चित्राच्या पोटाखाली बघितलं आणि हा रकाना मोकळा सोडला. वयाच्या रकान्यावर मी म्हणाले, "अप्पा, ते जनावर नाहीच आहे, त्याला वय कुठलं?"

"नसू दे. दात दाव, वय मी सांगतो."

मी तोंडाचं मोठं चित्र दाखवलं. वर दोन सुळे, खाली दोन सुळे. वडिलांनी पेन खाली ठेवलं.

"शिंगं हायत ना याला? मंग सुळे कशाला? गाय घे, म्हैस घे, शेळी घे. शिंगवाल्याला वरचे पुढचे दात नसतात, नुसती हिरडी आसती. देव दोन्ही हत्यारं एकाला देत नाय."

"का नाही देत?"

"दिली आसती तर दवाखान्यात आम्ही जिते राह्यलो आसतो का?"

तक्रारीच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मालकाचा विश्वास नाही. जनावर अशक्त.' त्या दिवसापासून इलाज सुरू झाला.

पहिला प्रश्न चाऱ्याचा निघाला. ज्वालामुखीवर ते खातं काय, असं विचारल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून राख म्हणाले. राख खाऊन हत्तीएवढं पोट कुणाचं सुटतं, ते म्हणाले. शेवटी काटेरी झुडपं ठरली, म्हणून जीभ लांब झाली आणि सुळे गेले. मग मी पोट दोन्हीकडं सारखं काढलं म्हणून बोलणी खाल्ली. रवंथ करणाऱ्या जनावराची कोठी डाव्या अंगाला असते, पोट फुगलं की तिथंच हात मारून बघायचा असतो. "तू दोन्ही अंगं सारखी केलीस तर फुगलेलं कळायचं कसं?" हे त्यांनी इतक्या काळजीनं विचारलं की मी मुकाट्यानं डावी बाजू थोडी फुगवली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझं पोट दुखायलं तवा ओवा खा म्हणले नुसतं."

शुक्रवारी वडील स्कूटरवर माझ्या मागं बसले आणि आम्ही करमाडला गेलो. तिथं त्यांचे जुने दोस्त आहेत, बैलांना नाल ठोकणारे चाचा. चाचांनी माझ्या जनावराचा पाय बघितला. मी त्याला खाली गोल, चपटा, बशीसारखा तळ दिला होता.

"बेटी, इसकू नाल काँ ठोकूं मैं? जगाच नै."

आणि त्यांनी समोर आडव्या पाडलेल्या बैलाचा खूर माझ्या नाकापाशी आणला. खुराचे दोन भाग, मधली फट, वजन पडलं की ते दोन भाग कसे फाकतात, सगळं बोटानं दाखवलं. मी तिथंच धुळीत बसून काढलं. बैलाचा मालक कागदात डोकावून म्हणाला, "ही कंची जात?" वडील शांतपणे म्हणाले, "गावठी." मालकानं मान हलवली. त्याला तेवढं पुरलं.

रंगाचं कोडंही तिथंच सुटलं. वडिलांनी त्या पांढऱ्याशुभ्र बैलाच्या खांद्यावरचे केस दोन बोटांनी बाजूला केले. खाली कातडं काळं होतं.

"उन्हातल्या जनावराचं कातडं काळंच लागतं. तुझं जांभळं कुठून आलं?"

"कंपनीला पाहिजे."

त्यांनी बैलाभोवती एक फेरी मारली. मग बैलाच्या ओल्या नाकपुडीकडं बोट केलं. काळ्या कातड्यावर ऊन पडून तिथं खरोखर जांभळट झाक आली होती. जिथं केस विरळ तिथंच कातडं दिसणार. नाकपुड्या, डोळ्यांच्या कडा, गळ्याखाली लोंबणारी पोळी. मी जांभळा तेवढ्याच ठिकाणी ठेवला, बाकीचं अंग राखेच्या रंगाचं केलं आणि पोटाकडं फिकट करत नेलं. रात्री चित्राकडं बघताना मला एकाएकी त्याच्या अंगाचा वास येईल असं वाटलं. मला फार आनंद झाला, आणि तो कंपनीसाठी नव्हता.

सोमवारी चित्र पाठवलं आणि तासाभरात बाईंचं उत्तर आलं की सुळे नसले तरी चालेल, आता खरं वाटतं. वडिलांना सांगितल्यावर त्यांनी वहीत 'सुधारणा आहे' असं लिहिलं. आईनं शिरा केला. जनावर बरं झाल्याचा शिरा आमच्या घरात पहिल्यांदाच झाला.

बुधवारी बाईंचं पुढचं पत्र आलं. हे जनावर खेळाच्या दुसऱ्याच टप्प्यावर आहे. खेळणाऱ्याला पुढं जायचं तर त्याला मारावं लागेल. बाण कुठं लागला म्हणजे ते मरेल, ती जागा चित्रात दाखवा. माझ्या धंद्यात हे नेहमीचंच आहे, म्हणून मी बिनदिक्कत खाली जाऊन विचारलं, "अप्पा, काळीज नेमकं कुठं असतं?"

त्यांनी स्वतःच्या कोपराला हात लावला. "पुढच्या पायाच्या कोपरामागं, डाव्या अंगाला. कशाला?"

मी सांगितलं. त्यांनी वही मिटली.

"मारायचंच व्हतं तर माझ्याकडून इलाज कशाला करून घेतला?"

"अप्पा, खेळ आहे तो."

"आसंल. पंचनाम्यावर मी सही करणार नाय."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. भातातल्या पाण्याबद्दलसुद्धा बोलले नाहीत, म्हणजे बघा. मी बाईंना लिहून बघितलं की ते मरण्याऐवजी पळून गेलं तर चालेल का. नाही चालणार, असं उत्तर आलं. रांगेत बारा जनावरं उभी होती. मी कोपरामागं एक लाल ठिपका काढला आणि पाठवून दिला. मला लाज वाटली, पण तरी पाठवला.

खेळ बाजारात आला तोवर आमचं बोलणं पूर्ववत झालं होतं, फक्त त्या विषयावर कुणी बोलत नव्हतं. एका दुपारी मी चहाला खाली आले तर वडील आईचा फोन दोन्ही हातांनी धरून बसलेले. पडद्यावर माझं जनावर उभं होतं. राखाडी, डावीकडं किंचित फुगलेलं, रवंथ करत. त्याच्यासमोर वडिलांचा तिरंदाज धनुष्य खाली सोडून उभा होता. जनावरानं मान खाली घातली आणि धावून आलं. पडदा लाल झाला. वडिलांनी परत पहिल्यापासून सुरू केलं.

"सकाळपासून धा-बारा येळा मेलेत," आई म्हणाली. "बाणच मारीत नायत."

"अप्पा, कोपरामागं मारा. मग पुढं जाता येतं."

"पुढं काय हाय?"

"दुसरी जनावरं."

"ती बी तूच काढलीस?"

"हो."

"मंग त्यायला बी मारायचं," ते म्हणाले आणि फोन डोळ्यांजवळ नेला. "मागचा पाय जरा आखडतो बघ. पण चालतंय."

जनावर पुन्हा धावून आलं, पडदा पुन्हा लाल झाला. वडिलांनी फोन मांडीवर ठेवला, कपाटातून ती वही काढली आणि 'सुधारणा आहे'च्या खाली आणखी एक ओळ लिहिली.

'ठणठणीत. मारकं आहे, पण चावत नाही.'