तो जोहार माझा नव्हता

हे इथे लिहावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते त्यातल्या चुका शोधायला. माझे बाबा वाशिमला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव अंधश्रद्धेवर कार्यक्रम करतात. जिभेवर जळता कापूर ठेवण्याचा प्रयोग असतो ना, त्यातली जीभ लहानपणी माझी असायची! त्यामुळे आमच्या घरात भुताला कधी जागाच नव्हती. आजही मी भूत म्हणत नाहीये. पण जे झालं ते झालं, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

मी बर्मिंगहॅमला सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हॉल्समध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर, माझ्या शेजारी रिया राहते. तिचे आईवडील पुण्याचे डॉक्टर, पण तिचा जन्म लंडनमधल्या पिनरचा. मराठी बोलते, मनापासून बोलते, फक्त तिच्या मराठीत कोण ती आणि कोण तो याचा पत्ता नसतो.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही दोघी दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या शहरात गेलो होतो. शहराचं नाव देत नाही, कारण तिथल्या माणसाशी माझं वाजलंय. त्या शहराच्या पोटात एक जुना किल्ला आहे. वर घरं, बसस्टॉप, सुपरमार्केट... आणि कारपार्कच्या मागे एक लोखंडी दार. आत खडूच्या दगडात खोदलेले, विटांनी बांधून काढलेले बोगदे. एवढं वजन त्या कमानी कशा पेलतात, हे बघायला मी गेले होते.

खाली दारूगोळ्याचं कोठार आहे. तिथे उघडी ज्योत नेणं शक्य नव्हतं, म्हणून दिवे जाड काचेच्या खिडक्यांमागे ठेवत आणि ते लावायला भिंतीमागून वेगळा बोळ. जेमतेम एक माणूस जाईल एवढाच. गाईडने आम्हाला त्या बोळात एकामागे एक उभं केलं. तो सगळ्यात पुढे, मी सगळ्यात मागे, माझ्या पुढे रिया. "आता दिवे विझल्यावर इथे कसं वाटायचं ते दाखवतो," म्हणाला, आणि लाइट बंद केले.

तसा अंधार मी पाहिला नव्हता.

आधी माझ्या मागे अनवाणी पावलं मागे सरकल्यासारखी वाटली. मग भिंतीला कापड घासलं - कोणीतरी अंग चोरून भिंतीला चिकटावं, मला वाट द्यावी, तसं. आणि अगदी कानाशी, दमलेल्या, अदबीच्या आवाजात :

"जोहार, बाईसाहेब."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी आमच्या लोकांना रस्त्यात वरच्या जातीचं माणूस दिसलं की बाजूला व्हावं लागे, आपली सावली पडू नये म्हणून. आणि वाकून जोहार घालावा लागे. आजोबांच्या पिढीने तो शब्द टाकला तो कायमचा. आम्ही एकमेकांना जय भीम करतो. जोहार मी फक्त जयंतीच्या भाषणांत ऐकलाय.

मला भीती वाटली नाही, खरंच नाही. संताप आला. जिथे सावली पडूच शकत नाही अशा अंधारात हा माणूस अजून बाजूला होतोय? आणि कोणासाठी, माझ्यासाठी? मी मोठ्याने म्हणाले, "जय भीम काका. सरकू नका, जागा आहे."

तेवढ्यात लाइट लागले. माझ्या मागे रिकामा बोळ आणि बंद दार.

रिया वळली. "अगं, काय झाली तुला? जोहार म्हणजे काय? आणि तू असं जाड आवाज का काढली?"

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. म्हणजे तिनेही तो ऐकला होता, आणि हा शब्द पिनरमध्ये तिला कोण शिकवणार!

बाहेर आल्यावर मी गाईडला विचारलं, इथे भारतातलं कोणी काम करत होतं का? तो खूशच झाला. "शुक्रवारी आमची घोस्ट टूर असते. एक ड्रमवाला आहे, एक नर्स आहे... आता एक इंडियनही मिळाला!" सगळे हसले.

"मी भूत मागत नाहीये," मी म्हणाले. "माणूस होता का, ते विचारतेय."

"काही ऑफिसर भारतातून परतताना नोकर घेऊन यायचे म्हणतात. इथे कोणी होता का, सांगता येणार नाही. त्यांची नावं कोण ठेवणार?"

"का नाही ठेवली?"

"गिफ्ट शॉप डावीकडे आहे," तो म्हणाला.

ट्रेनमध्ये रिया परतपरत तेच सांगत होती. "तूच बोलली. माझ्या मागे तूच होती ना?"

"मी? मी जोहार घालीन?"

"ओरडू नको गं... पण दुसरा कोणच नव्हती."

घरी फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "बेटा, तूच म्हणाली असशील. ऐकलेलं डोक्यात साठून राहते. अंधारात निघून जाते तोंडातून."

"बाबा, तुम्हालाही तसंच वाटतं?"

"मग काय, भूत होतं म्हणू? मी?"

म्हणजे बघा, बुद्धीला पटेल असं एकच स्पष्टीकरण आहे : जोहार मीच घातला. दोन पिढ्यांनी थुंकून टाकलेला शब्द मी इंग्लंडात येऊन आपल्या तोंडाने उचलला! मला ते मान्य नाही. बाबांना मी तसं सांगितलं - भूत म्हणणार नाही, आणि मी म्हणाले असंही म्हणणार नाही.

मला वाटलं, बाबा रागावले. मग हळूच म्हणाले, "तू जय भीम केल्यावर... तो काही बोलला का गं?"

"नाही ना बाबा," मी म्हणाले. "तेवढ्यात लाइट लावले हो त्यांनी."