जावळाची घोंगडी आणि डॉक्टरांची मोटार

आता त्या हमरस्त्यावर धड उभंसुद्धा राहवत नाही, इतक्या गाड्या. पण छप्पन-सत्तावन साली चिंचवडात एखादी मोटार थांबली, की माणसं हातातलं काम टाकून बघायला यायची. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली चांदभाईंचं गॅरेज होतं, आणि मोटारी घासूनपुसून चमकवायला तिथं भिमाजी होता. हा भिमाजी जन्मानं धनगर. रोगाच्या साथीत सगळा कळप दगावला तेव्हा चांदभाईंनी त्याला हाताला धरून गॅरेजात आणलं, आणि मेंढरांच्या पाठीवरून फिरणारा हात मोटारींवरून फिरू लागला. मलमलीचा बोळा घेऊन असा तन्मय व्हायचा, की चहा पुढ्यात निवून जायचा.

एकदा देहूरोडच्या लष्करी लिलावातून चांदभाईंनी पॉलिशचं यंत्र उचलून आणलं. केवढं ते धूड! दोन्ही हातांनी धरायचं, पुढं रबराची थाळी गरागरा फिरायची, आणि थाळीवर लोकरीची टोपी बांधायची. सोबत आलेल्या टोप्यांची कसर लागून चाळण झाली होती.

"लोकरीचं तुझ्याएवढं कुणाला कळतंय? टोपी तूच बनव," चांदभाई म्हणाले. भिमाजीची छाती अशी फुगली, की दिवसभर सदऱ्याची बटणं सांभाळावी लागली.

त्याच आठवड्यात कुसुमताई आल्या. डॉक्टर यशवंतरावांच्या पत्नी. डॉक्टर जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि त्यांची काळी मोटार तेव्हापासून गोठ्यात उभी होती. डॉक्टर भारी हौशी माणूस. ती मोटार त्यांनी एका उन्हाळ्यात अंगणात, गुडघ्याएवढ्या पायजम्यात उभं राहून स्वतः रंगवली होती. आता रंग पार मेला होता, राखेसारखा.

"सुमनचं लग्न ठरलंय," कुसुमताई म्हणाल्या. "वडिलांच्या गाडीतून सासरी जायचं म्हणते. पण नवा रंग द्यायचा नाही हं. आहे तोच उजळवा. त्यांचा हात फिरलाय त्यावरून." एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

चांदभाईंनी होकार दिला खरा, पण भिमाजीनं दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि चटकन हात मागे घेतला. रंग कांद्याच्या पापुद्र्याएवढा. खाली लगेच तांबडं अस्तर लागलेलं. जरा जास्त घासलं की डॉक्टर गेले ते गेलेच.

त्यानं घरच्या जुन्या घोंगडीची टोपी शिवली. गॅरेजात दोन डबे होते. एकात रबिंग, म्हणजे खरखरीत मलम, मेलेला रंग कापून काढणारं. दुसऱ्यात पातळ पॉलिश, नुसतं उजळवणारं. भंगारातल्या एका मडगार्डावर त्यानं आधी रबिंग चालवून पाहिलं. यंत्र एकदा फिरलं न फिरलं तोच कडेला तांबडं दिसायला लागलं! डबा त्यानं लगेच फळीवर परत ठेवला. मग पातळ पॉलिश घेऊन मोटारीच्या डिकीवर हलकेच हात चालवला. काळं पाणी उतरल्यागत चकाकी आली. चांदभाईंनी पाठीवर थाप मारली.

गाडी उन्हात ढकलली आणि दोघांची तोंडं उतरली. डिकीभर बारीक बारीक वर्तुळं, मांजरानं नखं ओढावीत तशी.

"या अल्ला! भिमा, हे काय झालं?"

भिमाजीनं टोपी सोडून तळव्यावर चुरगाळली. टोचलं. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. घोंगडी विणताना चिंचोक्याची खळ लावतात, त्यानं ती ताठ राहते, पाऊस अडवते. बापाच्या मांडीवर बसून शिकलेली गोष्ट, आणि ऐन वेळी डोक्यातून गेली! यंत्राच्या उष्णतेनं खळ कडक होऊन रंगावर ओरखडे ओढत होती. लोकर मोठ्या मेंढ्यांची, तीही राठ. आता ते ओरखडे घालवायला त्याहून मऊ काहीतरी हवं होतं, आणि एकच संधी उरली होती. पुन्हा चुकलं तर तो रंग कुणाच्या बापाला परत देता येणार नव्हता.

घरी जाऊन तो जेवलाच नाही. मंजुळाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दोनदा विचारलं तेव्हा कुठं बोलला.

"जावळाची लोकर पायजेल गं. कोकराची पहिली कातरलेली. ती बी बिनखळीची. कुठनं आणू?"

 मंजुळाबाईनं उठून पेटी उघडली, आणि तळातून एक लहानशी घोंगडी काढली. जावळाचीच होती, हौसाची. त्यांची एकुलती एक लेक, दुसरं वर्ष लागायच्या आत तापानं गेली ती. त्या तापात डॉक्टर हीच मोटार घेऊन भर उन्हात माळावर आले होते, आणि काही चाललं नाही तेव्हा बांधावर बसून पोरासारखे रडले होते.

"आगं, ही न्हाई," भिमाजी म्हणाला. "ही न्हाई कातरायची."

"खळ न्हाई हिच्यात," मंजुळाबाई म्हणाली. "रोज ओली करायची भवानी. रोज पवनेच्या पाण्यात धुतलीया म्या." आणि मेंढरांची जुनी कातर तिनं स्वतःच हातात घेतली. घोंगडीच्या मधोमध तिनं थाळीएवढी चकती कातरली, हात एकदाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी भिमाजीनं ती चकती थाळीवर बांधली, पण यंत्राचा भार तिच्यावर येऊ दिला नाही, सगळा स्वतःच्या खांद्यांवर पेलला. कडा यंत्राला दाखवल्यासुद्धा नाहीत, त्या हातानं केल्या. वर्तुळं विरत गेली. गाडी उन्हात आणली तेव्हा कुसुमताईंनी बॉनेटवर तळवा टेकला, आणि बराच वेळ उचललाच नाही.

लग्नाच्या दिवशी वरात गॅरेजावरून गेली. सुमन पुढच्या काचेआड हसत-रडत होती, आणि काळ्या दारात रस्त्याकडेची झाडं हलताना दिसत होती. मंजुळाबाई पदर दातांत धरून उभी होती. मोटार वळणाआड जाईपर्यंत ती जागची हलली नाही.

संध्याकाळी भिमाजीनं ती लोकरीची चकती पवनेवर धुतली, साबण लावला, राख लावली. काळं काही निघेना. ओशाळून त्यानं ती बायकोच्या हातात दिली.

"काळी पडली गं."

मंजुळाबाईनं ती झटकली, उरलेल्या घोंगडीत नीट गुंडाळली आणि पेटी लावली.

"पडंना का," ती म्हणाली. "आपली हौसाबी एकदा वरातीत जाऊन आली म्हनायचं."