तीनशे साठ दिवसांचं वर्ष

मे महिन्यातल्या एका दुपारी माझी चूक मला सापडली. उस्मानपुऱ्यातल्या खोलीत कूलर नुसता घरघरत होता, आणि समोरच्या आलेखात माझ्या गावाकडं, बिडकीनच्या भागात चक्क फेब्रुवारीत धो धो पाऊस पडत होता.

मी हवामानाच्या मॉडेलांवर काम करते. समुद्र तापले, वाऱ्यांच्या वाटा बदलल्या, तर पुढच्या काही दशकांत मराठवाड्यात पाऊस कसा पडेल, याचा अंदाज संगणकावर काढायचा. माझ्या सात मॉडेलांची सरासरी सांगत होती की मेमधला पाऊस वाढेल, पावसाळा अलीकडे सरकेल. महिनाभर मी त्यावर खूश होते. त्या दिवशी पहिल्यांदा एकेक मॉडेल वेगळं काढून पाहिलं. एकाचं वर्ष तीनशे साठ दिवसांचं होतं, प्रत्येक महिना तीसचा. आकडेमोड सोपी जावी म्हणून काही मॉडेलं तशीच बांधतात. माझ्या प्रोग्रामनं ते तीनशे पासष्टचं धरलं, आणि त्यातला पावसाळा दरवर्षी पाच दिवस अलीकडे सरकत गेला. वाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं.

माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. ते म्हणाले, "छापायच्या आधी सापडलं ना? दुरुस्त करा, पुन्हा चालवा." त्यांच्यापुरतं ते तिथं संपलं.

माझं संपलं नव्हतं. एप्रिलमध्ये गावी गेले तेव्हा मोठ्या भावाला हे सांगून बसले होते. बिडकीनजवळची आमची चार एकर तोच करतो. "पुढं पुढं पाऊस लवकर येत जाईल," एवढंच मी म्हणाले होते. माझ्या डोक्यात तीस-चाळीस वर्षं होती, त्यानं ते यंदाचं म्हणून ऐकलं. गावातल्या बुद्धविहारात बसणाऱ्या चार घरांनाही त्यानं सांगून टाकलं, की या साली मेच्या शेवटी कोरड्यातच सरकी लावायची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गावी गेले. तो ठिबकच्या नळ्या पसरत होता.

"दादा, मी सांगितलेलं चुकलंय."

"किती चुकलंय?"

"सगळंच."

तो नळी हातात धरून उभा राहिला. "आता लोकायला काय सांगू? माझी बहीण शिकलेली हाय म्हणून ऐकलं त्यांनी."

"मी सांगते."

संध्याकाळी विहारात सांगितलं. बोलताना सारखी जागा बदलत होते, कधी खांबाशी, कधी दाराशी. आमच्या शेजारच्या रानातल्या मावशींनी विचारलं, "मंग तुझं मशीन आता काय म्हणतंय?"

"यंदाचं ते सांगतच नाही, मावशी. आणि पुढचं म्हणाल, तर उरलेल्या सहांपैकी तीन म्हणतात पाऊस वाढेल, तीन म्हणतात घटेल."

"म्हंजी आमच्यावानीच हाय की," कोणीतरी म्हणालं. मावशी हसल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंस. मी थांबते," म्हणाल्या. त्या एकट्याच थांबल्या. बाकीच्यांनी आणि भावानंही सरकी लावली.

लागवडीनंतर चारच दिवसांत पाऊस आला, तोही सलग. भावाची सरकी तरारून वर आली. मावशींच्या रानात चिखल झाला, पाय ठेवता येईना. त्यांची लागवड तीन आठवडे मागं पडली.

भावाचा फोन आला. "तुझं पहिलंच बरोबर होतं. उगं घाबरलीस."

"नाही दादा, ते चूकच होतं. हा योगायोग आहे."

"पाऊस आला का नाय?"

"आला."

"मंग?"

त्यानंतर दुरुस्त केलेला निष्कर्ष लिहायला बसले की दोन ओळींत उठायचे, गच्चीवर जायचे, परत यायचे. मी खरं सांगितलं होतं आणि ते ऐकणारी एकच बाई मागं पडली होती.

जुलैत दोन रविवार मावशींच्या रानात खुरपायला गेले. त्यांनी नको म्हटलं नाही. पहिल्या रविवारी फारसं बोलल्याही नाहीत. दुसऱ्या रविवारी भाकरी सोडताना म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाय. पण पुढल्या टायमाला चुकलं तर असंच पळत येऊन सांगशील का?"

"सांगेन," मी म्हणाले.

वेचणीला त्यांचा कापूस भावापेक्षा कमीच निघाला. विहारात मात्र अजूनही सगळे म्हणतात की माझा पहिला अंदाज पक्का होता. मी दर वेळी खोडून काढते. ते मान हलवतात आणि यंदाचं विचारतात.